मीटरबाई आणि खोटे काटे

आमच्या सासूबाई चौथ्यांदा बेकरीत धावत गेल्या, त्या दिवशी भाऊजी घरी आले. हातपाय धुतले, जेवले, ताट उचलून ठेवलं आणि मग मनगटावरचा पट्टा चाचपत म्हणाले, "आई, या महिन्यात अजून एकदा खोटी धावत आलीस ना, तर हा पट्टा काढून तुझ्या हातात देईन. मग बस त्याच्याशी बोलत."

सासूबाईंचा चेहरा पडला. मी हातातली कात्री खाली ठेवली. कारण भाऊजी चिडून बोलले असते तर मी हसण्यावारी नेलं असतं. ते अगदी शांतपणे बोलले होते, आणि शांतपणे बोललेलं ते करतात.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. वय चौतीस. अकराव्या वर्षापासून त्यांना फिट येते. औषधं चालू आहेत, महिनोन्महिने काही होत नाही, आणि मग एखाद्या दिवशी उभा माणूस धाडकन खाली. दोन चौक पलीकडच्या बेकरीत ते सकाळी सहा ते दोन कामाला असतात. भट्टीजवळ त्यांना कुणी जाऊ देत नाही, पण पीठ मळावं आणि वळावं तर त्यांनीच. दोन वर्षांपूर्वी बेकरीच्या कपडे बदलायच्या खोलीत फिट आली, दाराला आतून कडी, आणि चाळीस मिनिटं ते तिथे पडून होते. गळपट्टीचं हाड मोडलं, जीभ चावली गेली. दार तोडून त्यांना बाहेर काढलं तेव्हाचं त्यांचं तोंड मी पाहिलंय. शत्रूवरही ती वेळ येऊ नये.

त्यानंतर सासूबाईंनी हा पट्टा बनवला. बनवला म्हणजे खरंच बनवला, स्वतःच्या हातांनी. घड्याळाएवढी डबी, आत छोटा ट्रान्समीटर. दर पंधरा मिनिटांनी तो एकदा टूं करतो, म्हणजे सगळं ठीक. माणूस आडवा होऊन झटके खायला लागला की सलग टूंऽऽ सुरू होतं आणि कुणीतरी बटण दाबेपर्यंत थांबत नाही. मोबाईल का नाही, असं सगळे विचारतात. अहो, पिठाने भरलेल्या हातात मोबाईल कोण धरणार, आणि फिट आलेला माणूस फोन करणार कसा? शिवाय स्वतः न तपासलेल्या वस्तूवर विश्वास ठेवायचा हे आमच्या सासूबाईंच्या रक्तातच नाही.

एकोणिसाव्या वर्षी त्या रेडिओच्या कारखान्यात लागल्या आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी सुटल्या. शेवटची पंचवीस वर्षं टेस्टिंगच्या बेंचवर. सेट तयार होऊन यायचा, आणि बाई तो पास करणार नाहीत तोवर खोक्यात जायचा नाही. कुणी म्हणालं, "बाई, चांगला वाजतोय की!" तर या विचारणार, "मीटर काय म्हणतो?" म्हणून कारखानाभर त्यांचं नाव पडलं मीटरबाई. घरातही तेच. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात मी म्हणाले, "आई, मला जरा ताप आल्यासारखं वाटतंय," तर म्हणाल्या, "वाटतंय म्हणजे किती?" मी त्या दिवशी खोलीचं दार लावून रडले होते. आता सोळा वर्षं झाली, आता मीच ह्यांना विचारते, "भूक लागली म्हणजे किती, दोन पोळ्यांची का चार?"

सासरे गेले तेव्हा आमचे हे चौदा वर्षांचे आणि भाऊजी नऊ वर्षांचे. पाळ्या करून बाईंनी दोन्ही मुलं वाढवली. कामावर असताना भाऊजींना शाळेत फिट आली की निरोप कारखान्याच्या गेटवर यायचा, गेटवरून फोरमनकडे, फोरमनकडून बेंचवर. तोवर अर्धा तास गेलेला. त्या अर्ध्या तासाबद्दल त्या कधी बोलत नाहीत. पण निरोपाची वाट बघत बसायचं नाही, हे त्यांच्या मनाने तेव्हाच घेतलं असणार.

पट्ट्याचं टूं ऐकायला घरी रिसीव्हर आहे. पूर्वी रेडिओ म्हटला की पेटीभर सामान असायचं. आता अंगठ्याएवढी एक डबी लॅपटॉपला लावायची, तिला गच्चीवरच्या अँटेनाची वायर जोडायची, आणि बाकी सगळं काम कॉम्प्युटरमधला प्रोग्रॅम करतो. हे सगळं सासूबाई त्रेसष्टाव्या वर्षी व्हिडिओ बघून शिकल्या. चष्मा नाकावर, वही मांडीवर, आणि तोंडाने "हा मूर्ख बटण कुठे दाबतोय ते दाखवतच नाही" असं त्या व्हिडिओवाल्याला. पडद्यावर एक हिरवी रेघ गवतासारखी थरथरत असते. सिग्नल आला की तिच्यातून उभा काटा वर येतो. भाऊजींच्या पट्ट्याची तिथली जागा, म्हणजे फ्रिक्वेन्सी, ठरलेली. तिथे काटा आला आणि दहा सेकंद टिकला की भोंगा वाजतो.

दीड वर्ष हे सगळं सुरळीत चाललं. आणि मग तीन आठवड्यांत चारदा भोंगा वाजला, चारही वेळा सकाळी, आणि चारही वेळा सासूबाई होत्या तशा पळाल्या. एकदा तर हाताला कणीक तशीच. बेकरीत गिऱ्हाइकांची रांग, त्यातून घुसून ही बाई थेट आत, आणि आत भाऊजी ठणठणीत उभे, पाव वळतायत! बरोबरीची माणसं फिदीफिदी हसतात. चौथ्यांदा मालकीणबाईंनी सासूबाईंना बाजूला घेऊन सांगितलं, "तुमचं दुःख मला कळतं, पण ट्रे घेऊन येणारा माणूस तुमच्यावर आदळला असता. भाजलं असतं कुणीतरी." आणि घरी येऊन भाऊजींनी ते पट्ट्याचं सांगितलं.

मला दोघांचाही राग आला, खोटं कशाला बोलू. पट्टा काढून ठेवायचा म्हणजे पुन्हा ती चाळीस मिनिटं, आणि या वेळी चाळीसच असतील याची हमी कोण देणार? पण चौतीस वर्षांच्या माणसाची आई रोज उठून त्याच्या कामावर धावत आली, तर त्याने तोंड कुठे लपवायचं?

दुसऱ्या दिवसापासून सासूबाईंनी कंबर कसली. कारखान्यातली जुनी वही काढली. नव्या मुलींना शिकवण्यासाठी त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेली, खोटा सिग्नल आला तर काय काय बघायचं त्याची. नऊ कलमं. समोर चौकोन काढून शिसपेन्सिलीने खूण करत त्या निघाल्या.

अँटेना काढली की काटा येतो का? पडद्यावरचे छोटे काटे गेले, एक मात्र बरोब्बर मधोमध तसाच उभा राहिला. मी त्याच्याकडे बोट दाखवलं. त्या म्हणाल्या, "तो या डबीचाच आहे, जन्मापासून. म्हणून तर मी आपली जागा मधोमध ठेवलीच नाही, बाजूला ठेवली." म्हणजे तो निर्दोष. मग घराचा मेन स्विच बंद करून लॅपटॉप बॅटरीवर. मी स्विचबोर्डसमोर उभी, आणि एकेक खटका लावत ओरडतेय, "स्वयंपाकघर!" "बघितलं!" "हॉल!" "थांब, थांब, आला!" हॉलमध्ये आमच्या ह्यांचा मोबाईलचा चार्जर निघाला. स्वस्तातला. सासूबाईंनी तो दोन बोटांत धरून कचऱ्यात टाकला. हे संध्याकाळी आले, शोधत बसले, आणि कुणी काही बोलत नाही म्हटल्यावर मुकाट्याने नवीन घेऊन आले.

पण भोंग्याचा काटा तो नव्हता. मग गाडी माझ्यावर आली. मी घरी पडदे शिवते. मशीनला मोटर आहे. सासूबाई म्हणाल्या, "तुझी मोटर ठिणग्या टाकते. तीन दिवस बंद ठेव."

"आई, हॉटेलच्या बावीस पडद्यांची ऑर्डर आहे!"

"मग पायाने चालव."

पायाने! मी चिडून तीन दिवस हात बांधून बसले, तिसऱ्या दिवशी सकाळी पडद्यावर काटा आला, आठ सेकंद राहिला आणि गेला, आणि मशीन बंदच. मी म्हणाले, "विचारा आता मोटरला." त्यांनी नुसती वहीत खूण केली. चुकले म्हणायची पद्धत आमच्याकडे नाही, खूण करायची आहे.

नंतर खालच्या मजल्यावरचा दाताचा डॉक्टर. पेशंट आ वासून खुर्चीत, आणि ही बाई दारात उभी, "तुमचं मशीन दोन मिनिटं बंद करता का?" नंतर समोरचं टॅक्सी ऑफिस. तिथे गच्चीवर मोठी अँटेना, आणि खाली एक माणूस दिवसभर वायरलेसवर ड्रायव्हरांना पत्ते सांगत बसलेला. सासूबाई त्याच्या खनपटीलाच बसल्या. तो बिचारा भला माणूस. परवाना काढून दाखवला, म्हणाला, "बाई, माझी फ्रिक्वेन्सी तुमच्यापासून कितीतरी लांब आहे. तुम्हीच मोजून बघा." त्यांनी मोजलं. तो बरोबर होता. घरी येऊन त्या पलंगावर बसल्या आणि म्हणाल्या, "काय चुकतंय तेच कळत नाही गं." सोळा वर्षांत हे वाक्य मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. माझा सगळा राग उतरला.

महिना संपायला सहा दिवस होते. मला रेडिओतलं ओ की ठो कळत नाही. पण यादी वाचता येते. दुपारी त्या पडल्या होत्या, मी टेबल पुसताना ती वही उघडी दिसली. दोनपासून नऊपर्यंत सगळ्या चौकोनांत खुणा. एक नंबरचा चौकोन कोरा. समोर त्यांच्याच ठसठशीत अक्षरात लिहिलेलं: "सर्वात आधी गेन कमी करून बघणे. गेन कमी केल्यावर खरा सिग्नल तेवढाच उतरतो. खोटा एकदम नाहीसा होतो."

मी तिथेच त्यांना हाक मारली. "आई, गेन म्हणजे काय?"

"रिसीव्हरने कान किती टवकारायचे ते. का?"

"मग हे पहिलं कलम का नाही केलंत?"

त्या उठून बसल्या. आधी म्हणाल्या, राहून गेलं. मग म्हणाल्या, गेनचा संबंध नाही. मी वही हातात धरून तशीच उभी. माझ्यापुढे कुणी खोटं बोललं की मला हलता येत नाही, माझा स्वभावच वाईट आहे. शेवटी त्या म्हणाल्या, "बेकरीच्या मागच्या खोलीच्या भिंती जाड आहेत. टूं बारीक येतं. म्हणून हल्ली मी गेन वाढवत वाढवत शेवटपर्यंत नेलाय. आता मी तो खाली आणला, आणि नेमका तेवढ्यात तो पडला, तर? मला ऐकूच येणार नाही."

"दोन मिनिटांसाठी सुद्धा नाही?"

"दोन मिनिटांत काय होतं ते तुला माहीत नाही," त्या म्हणाल्या.

शेकडो मुलींना जे पहिलं शिकवलं, ते स्वतःच्या घरात बाईंच्या हातून होईना. भाऊजींच्या सुट्टीच्या दिवशी करता आलं असतं, पण त्या दिवशी भाऊजी नजरेसमोर, म्हणून रिसीव्हर बंद. चालू असेल तेव्हा हात लावायचा नाही, आणि हात लावता येईल तेव्हा चालूच नाही! मी सरळ भाऊजींना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "वहिनी, उद्या मी रजा टाकतो."

सकाळी आठ वाजता ते सासूबाईंच्या टेबलासमोर खुर्ची ओढून बसले. पट्टा काढला, त्यातली बॅटरी काढली, दोन्ही टेबलावर ठेवलं. "हा मी. हा पट्टा. आता बघ."

आम्ही तिघं त्या हिरव्या गवताकडे बघत बसलो. साडेनऊला टॅक्सी ऑफिसची गर्दी सुरू झाली. दहाला पाच कमी असताना काटा आला. उंच, सरळ, भाऊजींच्या जागेवर. दहा सेकंद झाले आणि भोंगा वाजला. समोर भाऊजी बसलेत, बॅटरी बाहेर पडलीय, आणि तरीही सासूबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या! भाऊजींनी त्यांचा हात धरला. "आई, मी इथे आहे. कर कमी."

त्यांनी गेन एक घर खाली आणला. दुसरं घर. तिसऱ्या घराला तो एवढा मोठा काटा फुंकर मारल्यासारखा गेला. बाजूला टॅक्सीवाल्याचे काटे जागच्या जागी होते, थोडे बुटके, बस. आणखी पलीकडे कुणा दुसऱ्याच्या वायरलेसचा काटा, तोही होता.

"हे दोघं एकाच वेळी बोलले," सासूबाई हळूहळू म्हणाल्या, "आणि माझा रिसीव्हर इतका ताणलेला, की दोन्ही एकमेकांत मिसळून त्याने तिसराच काढला. बाहेर काहीच नव्हतं. तो इथे आत तयार होत होता." माझ्या आजोबांच्या कानातल्या यंत्राचा आवाज मोठा केला की ते आपलं आपणच शिट्टी मारायचं, तसंच हे, एवढं मला कळलं. सासूबाईंनी पेन्सिल उचलली आणि पहिल्या चौकोनात खूण केली. मग भाऊजींकडे न बघता म्हणाल्या, "चारही वेळा मीच वाजवला म्हणायचा भोंगा."

"हो," भाऊजी म्हणाले. खोटी समजूत घालणं त्यांनाही जमत नाही. आईवरच गेलेत.

त्याच दुपारी त्यांनी गच्चीवरची अँटेना बेकरीच्या बाजूच्या कोपऱ्यात हलवली, गेन खाली ठेवला, आणि भाऊजी पट्टा बांधून बेकरीच्या मागच्या खोलीत जाऊन जमिनीवर आडवे पडले आणि झटके आल्यासारखे हात हलवू लागले. मालकीणबाई शेजारी उभ्या. पडद्यावर काटा आला, छोटा पण स्वच्छ. जेवताना भाऊजींनी आपली अट घातली. "पट्टा मी ठेवतो. पण भोंगा वाजला तरी तू पाच मिनिटं घरातून हलायचं नाहीस. मालकीणबाईंना मी सगळं शिकवलंय. कुशीवर वळवायचं, डोक्याखाली काहीतरी ठेवायचं, तोंडात काही घालायचं नाही, घड्याळ बघायचं. पाच मिनिटांच्या वर गेलं तर त्या ॲम्ब्युलन्सही बोलावतील आणि तुलाही." सासूबाईंनी घास खाली ठेवला. मग म्हणाल्या, "बरं."

पुढचे दिवस त्यांना जड गेले. पूर्वी पडद्यावर सतत काहीतरी खुटखुट असायची. आता नुसतं सपाट गवत, पंधरा मिनिटांनी एक टूं, पुन्हा गवत. त्या भाजी निवडायच्या ती पडद्यासमोर. दोनदा मी त्यांचा हात गेनकडे गेलेला पाहिला. दोनदा तो परत आला.

एकोणिसाव्या दिवशी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी भोंगा वाजला.

मी मशीनवरून उठले ते थेट दाराशी. मागे वळून बघितलं तर सासूबाई खुर्चीतच. त्यांनी गेन एक घर खाली आणला. काटा तेवढाच उतरला आणि उभा राहिला. आणखी एक घर. आणखी तेवढाच उतरला.

"खरा आहे," त्या म्हणाल्या.

"मग चला ना!"

"बस." त्यांनी माझं मनगट धरलं. "पाच मिनिटं मागितलीत त्याने."

भिंतीवरच्या घड्याळाचा काटा मी आयुष्यात इतका हळू चालताना पाहिलेला नाही. एक मिनिट. दोन. मी म्हणाले, "आई, मी तरी जाते." त्यांची पकड आणखी घट्ट झाली. त्यांचे ओठ हलत होते. सेकंद मोजत होत्या. तीन मिनिटं. माझ्या डोळ्यांसमोर ती कडी लावलेली खोली. तीन मिनिटं चाळीस सेकंदांना पडद्यावरचा काटा गेला. कुणीतरी बटण दाबलं होतं.

फोन वाजायला आणखी दोन मिनिटं लागली. सासूबाई फोनचा आवाज मोठा करून बोलतात, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं. मालकीणबाई म्हणाल्या, "झालं बाई, थांबलं. उठून बसलाय. देते त्याला." मग भाऊजींचा जड, झोपेतून उठल्यासारखा आवाज.

"आई... कुठे आहेस?"

"घरी."

"घरीच?"

"घरीच."

मग ते म्हणाले, "इथेच जरा पडतो. मग येतो माझा मी."

"ये," सासूबाई म्हणाल्या, फोन ठेवला, आणि मग मोठमोठ्याने रडल्या. सासरे गेले तेव्हाही म्हणे अशा रडल्या नव्हत्या. माझं मनगट त्यांनी तोवर सोडलं नव्हतं, आणि मीही ते सोडवून घेतलं नाही. मीही रडतच होते.

अडीच वाजता भाऊजी एकटे चालत घरी आले. कपाळाला एक टेंगूळ होतं, आणि पट्टा मनगटावर होता.